‘फ्रेश’ या इंग्रजी विशेषणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात संध्याकाळी मी बोलण्याच्या इंग्रजीचा वर्ग घेते. येणारी बहुतेक मुले मराठी माध्यमातून शिकलेली. कुणी पणजीच्या हॉटेलात कामाला, कुणी वकिलाकडे टायपिंग करणारी, कुणाच्या घरी मासळीचा धंदा. अवघड शब्दांवर फारसे प्रश्न येत नाहीत, कारण ते सगळे शब्दकोशात बघतात. प्रश्न येतात ते ‘फ्रेश’सारख्या शब्दांवर. तो आपल्याला येतोच असे प्रत्येकाला वाटते आणि नेमका तिथेच घोळ होतो. म्हणून वर्गात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरे इथे लिहून ठेवते आहे.

‘फ्रेश’ म्हणजे ‘ताजे’. यात विचारण्यासारखे काय आहे?

पाव, भाजी, मासळी इथपर्यंत ‘ताजे’ चालते. पुढे अडते. ‘फ्रेश वॉटर’ म्हणजे ताजे पाणी नव्हे, ‘फ्रेश टेंडर’ म्हणजे ताजी निविदा नव्हे, आणि ‘डोन्ट गेट फ्रेश विथ मी’ असे कुणी म्हणाले तर तिथे ताजेपणाचा काही संबंधच नाही.

मी मुलांना एकच युक्ती सांगते. अर्थ शोधण्याआधी उलट शब्द शोधा. ही वस्तू ‘फ्रेश’ नसती तर काय असती, असे स्वतःला विचारा. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोळी फ्रेश नसेल तर शिळी असते, पाणी नसेल तर खारे, वाटाणे गोठवलेले, खोबरे सुके, खेळाडू दमलेला, टॉवेल वापरलेला. प्रत्येक ठिकाणी उलट शब्द वेगळा, म्हणून मराठी प्रतिशब्दही वेगळा. इंग्रजीने एकाच पिशवीत भरलेले अर्थ आपण ताजे, ओले, गोडे, कोरे, टवटवीत, नवे अशा वेगवेगळ्या डब्यांत ठेवले आहेत. मला यात मराठीची श्रीमंती दिसते, आणि मुलांनी ती विसरू नये असे मनापासून वाटते.

मग ‘फ्रेश वॉटर’ म्हणजे नेमके काय?

गोडे पाणी. साखरेचे गोड नव्हे, तर खारे नसलेले.

गंमत म्हणजे हा अर्थ आडवाटेचा नाही. इंग्रजीत हा शब्द आला तोच मुळी पाण्यासाठी. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘फेर्श’सारखे होते आणि त्याचा अर्थ ‘खारे नसलेले’, ‘मीठ न लावलेले’ असा होता. ‘नवे, टवटवीत, नुकतेच झालेले’ या छटा पुढे फ्रेंचांशी आलेल्या संबंधातून त्यात मिसळल्या. फ्रेंच शब्दही मूळचा जर्मानिक कुळातलाच, म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या वाटांनी येऊन पुन्हा भेटले. जुन्या पाककृतींत ‘फ्रेश बटर’ दिसते, ते म्हणजे बिनमिठाचे लोणी. ‘फ्रेश पोर्क’ म्हणजे मीठ लावून, धुरी देऊन न टिकवलेले डुकराचे मांस. उलट बाजूला आपले चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज. ते कालच भरलेले असले तरी या अर्थाने ‘फ्रेश’ नव्हे, कारण ते टिकवायलाच केलेले असतात.

गोव्यातल्या माणसाला हा फरक समजायला अवघड जाऊ नये. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मांडवी आणि झुआरी पावसाळ्यात डोंगरातले पाणी भरभरून आणतात तेव्हा त्यांच्या मुखाजवळचा खारेपणाही उतरतो. उन्हाळ्यात नद्यांचा ओघ आटला की भरतीबरोबर खारे पाणी पार आत शिरते. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि मानशी (पाणी अडवायची दारे) याच खाऱ्या पाण्याला शेतात येऊ न देण्यासाठी बांधल्या गेल्या. तिथला शेतकरी ‘गोडे’ आणि ‘खारे’ हे शब्द ज्या नेमकेपणाने वापरतो, तोच नेमकेपणा ‘फ्रेश’ आणि ‘सॉल्ट’ यांच्यात आहे. बोटीवर काम करणाऱ्या तारवटींना ‘फ्रेश वॉटर टँक’ हा शब्द पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो. त्या टाकीतले पाणी महिनाभर जुने असले तरी ते फ्रेशच!

हॉटेलच्या मेन्यूत ‘फ्रेश वॉटर प्रॉन्स’ लिहिले तर चालेल का?

कोळंबी गोड्या पाण्यातली असेल तरच. समुद्रातली ताजी कोळंबी असेल तर ‘फ्रेश प्रॉन्स’ एवढेच लिहा. मध्ये ‘वॉटर’ घातले की कोळंबीचा गावच बदलतो. आणि खरोखर गोड्या पाण्यातलीच असेल, तर ‘फ्रेशवॉटर’ हा जोडून, एकच शब्द लिहायचा. पाणी स्वतः नाम म्हणून आले की दोन शब्द, दुसऱ्या नामाचे विशेषण झाले की एक. छपाईत ही चूक फार दिसते.

मासळी बर्फात ठेवलेली असेल तरी ती ‘फ्रेश’ म्हणायची का?

म्हणतात. बाजारात ‘फ्रेश’च्या समोर ‘फ्रोझन’ हा शब्द उभा असतो. बर्फावर गार ठेवलेली मासळी ‘चिल्ड’, आणि ती ‘फ्रेश’मध्ये मोडते. दगडासारखी गोठवली की ‘फ्रोझन’. त्यामुळे ट्रॉलर चार दिवस समुद्रात राहून बर्फातली मासळी घेऊन आला तरी इंग्रजीत ती ‘फ्रेश फिश’ ठरते. आपल्या मनातले ‘ताजे फडफडीत’ त्याहून जास्त मागते. ते सांगायचे तर ‘कॉट धिस मॉर्निंग’, आज सकाळी धरलेली, असे स्पष्ट सांगावे. गिऱ्हाईक परदेशी असले तर हे तीन शब्द ‘व्हेरी व्हेरी फ्रेश’पेक्षा जास्त काम करतात.

वर्गातल्या एका मुलीची आई मासळी विकते. मुलीने विचारले, ‘टीचर, ताजी कशी ओळखायची ते इंग्रजीत कसे सांगू?’ मी तिला चार वाक्ये करून दिली. डोळे ‘क्लिअर’, कल्ले ‘ब्राइट रेड’, मांस ‘फर्म’, म्हणजे बोटाने दाबले तर पुन्हा वर येणारे, आणि वास समुद्राचा, ‘फिशी’ नव्हे. यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मासळीला ‘फिशी’ वास येणे इंग्रजीत ती बिघडल्याची खूण मानतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ताजे दिसणे आणि ताजे असणे यांत फरक आहे, आणि गोव्याने तो अनुभवला आहे. २०१८ च्या जुलैत परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन हे टिकवण्याचे घातक रसायन असल्याच्या संशयाने घराघरांत काळजी पसरली, आणि राज्य सरकारने ती मासळी काही दिवस बंद केली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा आपली स्वतःची मासळी कमीच असते, म्हणून ती काळजी अधिक. फॉर्मेलिनने मांस घट्ट राहते, पण ते ताजे नसते. इंग्रजीत अशा मासळीला ‘प्रिझर्व्ड’ म्हणावे लागेल. ‘फ्रेश’च्या विरुद्ध नेहमी ‘सडलेले’च असते असे नाही, हे त्या महिन्यात सगळ्यांना कळले.

पाकिटावर ‘फ्रेश’ छापायला काही नियम आहेत का?

आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये जाहिराती आणि दाव्यांविषयी नियम केले. धुणे, सोलणे, कापणे, गार ठेवणे अशा किरकोळ गोष्टींपलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थालाच ‘फ्रेश’ म्हणावे, असा त्यांचा रोख आहे. घरगुती धंदा करणाऱ्यांनी लोणच्याच्या किंवा कोकम सरबताच्या बाटलीवर हा शब्द लिहिण्याआधी थांबावे. ‘फ्रेशली मेड’ हाही शब्द जपूनच वापरावा. ‘होममेड’ असेल तर तेवढेच लिहावे.

ओल्या खोबऱ्याला ‘वेट कोकोनट’ म्हणतात का?

नाही, ‘फ्रेश कोकोनट’. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण इथे मराठी विचार करायला लावते.

आपण ‘ओले’ हा शब्द पाण्याने भिजलेल्यालाही वापरतो आणि अजून न सुकलेल्यालाही. इंग्रजीत यांची घरे वेगळी आहेत. भिजलेले ते ‘वेट’, न सुकलेले ते ‘फ्रेश’. ओल्या खोबऱ्याला ‘वेट’ म्हटले तर नारळ पाण्यात पडला होता असे ऐकणाऱ्याला वाटेल. ओली हळद ‘फ्रेश टर्मरिक’. ओले बोंबील ‘फ्रेश’, सुके बोंबील ‘ड्राइड’. ओले काजू मात्र ‘टेंडर कॅश्यू’, कारण तिथे कोवळेपणाला महत्त्व आहे. स्वयंपाक शिकवणाऱ्या गोव्यातल्या बायकांना पर्यटकांसमोर हे शब्द रोज लागतात. सोलकढीला नारळाचा रस काढताना ‘ग्रेट द फ्रेश कोकोनट’ म्हटले की पुढचे सगळे आपोआप समजते.

ओली जखम म्हणजे ‘फ्रेश वूंड’. इथेही न सुकलेलेच. नुकत्याच व्यालेल्या गाईला गोठ्याच्या इंग्रजीत ‘फ्रेश काऊ’ म्हणतात. एकाने लगेच विचारले होते, मग ओल्या बाळंतिणीला? नाही. माणसाच्या बाबतीत ‘अ वुमन हू हॅज जस्ट गिव्हन बर्थ’ असे सरळ सांगावे. ‘ओली बाळंतीण’ या दोन शब्दांतली माया इंग्रजीत एका विशेषणात येत नाही.

रंग मात्र उलटा निघतो. भिंतीला नुकता रंग दिला असेल तर पाटीवर ‘वेट पेंट’ लिहितात. ‘अ फ्रेश कोट ऑफ पेंट’ म्हणजे रंगाचा नवा हात, तो वाळलेला असला तरी. याच ओलेपणातून ‘फ्रेस्को’ हा इटालियन शब्द आला. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग भरायचा, म्हणजे तो भिंतीचाच भाग होतो. गोव्यातल्या जुन्या देवळांवरची कावी कला पाहिली असेल तर हे पटकन कळेल. तिची रीत वेगळी. चुन्यावर काव चढवून नक्षी खरवडतात आणि खालचा पांढरा रंग दिसू देतात. पण घाई तीच, गिलावा सुकायच्या आत हात उरकायचा.

वर्तमानपत्रातल्या ‘फ्रेश टेंडर’ला मराठीत काय म्हणायचे?

फेरनिविदा. इथे ‘फ्रेश’ म्हणजे पुन्हा नव्याने. आधीची रद्द झाली, आता दुसरी. ‘फ्रेश इलेक्शन’ म्हणजे फेरनिवडणूक. ‘फ्रेश पिटिशन’ म्हणजे नव्याने केलेली याचिका. ‘फ्रेश एव्हिडन्स’ म्हणजे आधीच्यात भर घालणारा नवा पुरावा.

आता पासपोर्टचा अर्ज बघा. तिथे ‘फ्रेश’ आणि ‘री-इश्यू’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यांदाच काढत असाल तर ‘फ्रेश’. आधी होता आणि मुदत संपली तर ‘री-इश्यू’. म्हणजे निविदेत जो शब्द ‘पुन्हा’ सांगतो, तोच पासपोर्टात ‘पहिल्यांदा’ सांगतो. वर्गातल्या एका मुलाने याच गोंधळात मुदत संपलेल्या पासपोर्टसाठी ‘फ्रेश’वर खूण केली आणि त्याला अर्ज पुन्हा भरावा लागला. त्याला वाटले, जुना संपला, आता नवा म्हणजे फ्रेश. त्याच्या तर्कात चूक नव्हती, त्याने उलट शब्द तेवढा बघितला नाही. समोर ‘री-इश्यू’ उभा आहे म्हटल्यावर ‘फ्रेश’चा अर्थ ‘आधी नसलेला’ हाच उरतो.

व्याकरणाची एक खूण सांगते. ‘नव्याने, आणखी’ या अर्थाचा ‘फ्रेश’ नामाच्या आधीच बसतो. ‘फ्रेश एव्हिडन्स’ बरोबर. ‘द एव्हिडन्स इज फ्रेश’ म्हटले तर पुरावा नुकताच घडलेल्या गोष्टीचा आहे असा वेगळाच अर्थ निघतो.

‘आणखी भर’ ही छटा आपल्या ‘ताज्या’तही एका जागी टिकून आहे. पत्र लिहून झाल्यावर खाली लिहितो तो ‘ताजा कलम’. फारसीतून आलेला ‘ताजा’ तिथे शिळ्याच्या विरुद्ध नाही, नंतर सुचलेले दाखवणारा आहे.

‘न्यू’ आणि ‘फ्रेश’मध्ये फरक काय?

‘न्यू शर्ट’ म्हणजे दुकानातून आणलेला. ‘फ्रेश शर्ट’ म्हणजे धुऊन इस्त्री केलेला, मग तो पाच वर्षांचा का असेना. हॉटेलात पाहुण्याने ‘फ्रेश टॉवेल्स’ मागितले तर नवे विकत आणायचे नसतात, स्वच्छ धुतलेले द्यायचे असतात. ‘फ्रेश शीट’ म्हणजे कागद असेल तर कोरा, चादर असेल तर धुतलेली.

मुलाखतीत ‘आय अॅम अ फ्रेश’ म्हणावे का?

‘फ्रेश’ नव्हे, ‘फ्रेशर’. भारतात ‘फ्रेशर’ म्हणजे अनुभव नसलेला नवा उमेदवार. पण ब्रिटनमध्ये ‘फ्रेशर’ म्हणजे विद्यापीठात नुकताच दाखल झालेला विद्यार्थी, आणि अमेरिकेत त्याला ‘फ्रेशमन’ म्हणतात. परदेशी क्रूझ कंपनीकडे अर्ज करताना ‘रीसेंट ग्रॅज्युएट’ लिहिणे सुरक्षित. नाहीतर तुमचे शिक्षण अजून व्हायचे आहे असा समज होईल.

‘फ्रेश होऊन येतो’ इंग्रजीत कसे म्हणायचे?

‘लेट मी फ्रेशन अप’. ‘फ्रेश अप’ नको, कारण ‘फ्रेश’ विशेषण आहे, क्रियापद ‘फ्रेशन’. झोप झाल्यावर, दूधसागरला पोहून आल्यावर जे वाटते ते ‘आय फील रिफ्रेश्ड’. मराठीत आपल्याकडे तरतरी आहे, ताजेतवाने आहे, हुशारी वाटणे आहे. इंग्रजी शिकताना मुले हे शब्द बाजूला टाकतात याचे मला वाईट वाटते.

‘फ्रेश लाइम सोडा’त काय फ्रेश असते?

लिंबू. बाटलीतला अर्क न घालता पिळलेले. वेटरने ‘स्वीट ऑर सॉल्ट’ विचारावे. ‘स्वीट ऑर सॉल्टी’ असे विचारले तरी कुणी अडणार नाही.

‘फ्रेश एअर’ ठीक, पण ‘इट्स अ बिट फ्रेश टुडे’ म्हणजे?

आज जरा गारठा आहे. ब्रिटिश पाहुणे असे म्हणतात, आणि आपल्याला वाटते ते हवेची स्तुती करताहेत. खिडकी उघडायला जाऊ नका, बंद करा. गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या ज्यांना पोर्तुगीज येते त्यांना हे लगेच कळते. पोर्तुगीज ‘फ्रेश्कु’त ताजे आणि गार असे दोन्ही अर्थ आहेत, आणि तो शब्दही त्याच जर्मानिक मुळातून फुटलेला. उपाहारगृहांच्या पाटीवरचे ‘अल फ्रेस्को’ याच कुळातले. इंग्रजीत त्याचा अर्थ उघड्यावर, मोकळ्या हवेत जेवण.

हवामानाच्या भाषेत तर ‘फ्रेश’ला आकडाच आहे. बोफर्ट मापनात ५ क्रमांकाचा वारा म्हणजे ‘फ्रेश ब्रीझ’, ताशी २९ ते ३८ किलोमीटर. ‘ब्रीझ’ म्हटले की झुळूक आठवते, पण या वाऱ्यात समुद्रावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसतो आणि लहान झाडे डोलू लागतात. होडीवाल्यांनी हा शब्द ऐकून निर्धास्त राहू नये.

फुटबॉलच्या समालोचनात ‘फ्रेश लेग्ज’ म्हणतात ते काय?

ताज्या दमाचे खेळाडू. फातोर्ड्याला सत्तराव्या मिनिटाला बदली खेळाडू उतरतो तेव्हा हे ऐकू येते. ‘ताज्या दमाचा’ हा इतका सुंदर जुळणारा मराठी शब्दप्रयोग आहे की मराठी समालोचकांनी तोच वापरावा.

‘डोन्ट गेट फ्रेश’ म्हणजे काय?

आगाऊपणा करू नकोस. बाईने पुरुषाला म्हटले तर बहुतेक वेळा ‘अंगचटीला येऊ नकोस’ असा अर्थ होतो. हा अमेरिकेतला वापर, आणि जर्मन भाषेतल्या ‘उद्धट’ अर्थाच्या ‘फ्रेख’ या शब्दाची त्यावर छाया पडली असावी असे मानतात. हॉटेलात आणि शॅकवर काम करणाऱ्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावे. कुणी हे वाक्य उच्चारले तर हसू नये, ‘थँक यू’ म्हणू नये. माफी मागून दोन पावले मागे व्हावे. आणि मुलींनो, हे वाक्य तुमच्याही कामाचे आहे. फक्त ते ठामपणे, एकदाच म्हणायचे.

‘फ्रेश फ्रॉम’ आणि ‘फ्रेश आउट ऑफ’ सारखेच का?

कधी सारखे, कधी अगदी उलटे. ‘फ्रेश फ्रॉम द अव्हन’ म्हणजे भट्टीतून नुकतेच काढलेले. ‘फ्रेश आउट ऑफ कॉलेज’ म्हणजे नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. पण ‘वी आर फ्रेश आउट ऑफ ब्रेड’ म्हणजे पाव आत्ताच संपला. ओळखायची खूण अशी की बाहेर पडणारे स्वतः कर्ता असेल तर ‘नुकतेच आलेले’, आणि कर्ता दुकानदार असेल तर ‘संपले’.

माझा एक विद्यार्थी किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहात वाढायला होता. अमेरिकन पाहुण्याने विचारले, ‘आर यू फ्रेश आउट ऑफ क्रॅब?’ त्याला ‘फ्रेश’ आणि ‘क्रॅब’ एवढेच ऐकू आले. तो उत्साहाने म्हणाला, ‘येस सर, फ्रेश, फ्रेश!’ पाहुण्याने मान हलवली आणि चिकन मागवले. आत मोठाल्या खेकड्यांचे भांडे भरलेले होते. दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात येऊन हे सांगितले, आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिले, कर्ता शोधला, आणि त्याचे उत्तर तयार केले. आता तो म्हणतो, ‘नो सर, वी हॅव प्लेंटी, अँड इट्स फ्रेश.’